पावसाळा, मधुमेह आणि कोकणातले पाय

सड्यावरची:

मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे येणाऱ्या पायांचं दुखणं पालटतं. मेपर्यंत टाचांच्या भेगा आणि तापलेल्या कातळावर पोळलेले तळवे. मग लावणी सुरू होते आणि चिखल्या, कडेला पिकलेली नखं, पाणी धरून पांढरी पडलेली बोटं यांची रांग लागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईत मधुमेही पायांच्या ओपीडीत एका पोडियाट्रिस्टच्या, म्हणजे पायांच्या तज्ज्ञाच्या, हाताखाली काम शिकले, आता रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी काम करते. बरेच दिवस या विषयावर इथे लिहायचं मनात होतं.

आपल्याकडे माणूस चेहऱ्याला, दातांना, गुडघ्यांना दाखवायला जातो. पायाला दाखवायला जातो तो पाय टेकवेनासा झाल्यावर. आणि ज्याचा पाय दुखतच नाही, तो तर येतच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी या दुसऱ्या माणसाची वाटते. मधुमेह बरीच वर्षं अंगात असला की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. काटा रुततो, चपलेचा खिळा वर येतो, चुलीतला निखारा लागतो, आणि कळत काहीच नाही. मग एक दिवस सुनेला लादीवर रक्ताचा डाग दिसतो.

एका पावलात २६ हाडं असतात. अंगाचा सगळा भार त्यांच्यावर, आणि चालताना तो टाचेपासून अंगठ्यापर्यंत सरकत जातो. हा भार जिथे जास्त पडतो तिथली कातडी जाड होते, तिथेच घट्टे आणि कुरुपं होतात, आणि बधिर पाय असेल तर तिथेच जखम होते. पोडियाट्रिस्टचं निम्मं काम म्हणजे हा भार कुठे पडतोय ते ओळखणं आणि तिथून तो हलवणं. उरलेलं काम नखं, कातडी, नसा आणि रक्तपुरवठा यांचं.

तपासणी साधी असते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. रुग्णाला डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा आणि 'लागलं का' विचारायचं. नंतर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा. पावलावरच्या आणि घोट्यामागच्या नाडीचे ठोके बघायचे. दोन्ही पावलं हाताच्या पाठीने चाचपून एक दुसऱ्यापेक्षा गरम आहे का ते पाहायचं. सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी, आणि पाय आधीच बधिर असतील तर त्याहून लवकर लवकर.

पायाचं काहीही विचारा. फोटोवरून निदान करणार नाही, पण काय करायचं आणि कुणाकडे जायचं ते नक्की सांगेन.

लांज्याचा_शेतकरी:

ताई, चांगला विषय काढलात. आमच्याकडे चिखलणी सुरू झाली की घरातल्या सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या. रात्री आग होते, झोप लागत नाही. गमबूट घालून बघितले, पण लावणीच्या चिखलात ते रुततात, पाय निघतो आणि बूट आतच राहतो. बरं, बुटात एकदा पाणी शिरलं की दिवसभर तेच. आई सांगते खोबरेल लाव, मेडिकलवाला ट्यूब देतो. ट्यूबने दोन दिवसांत बरं वाटतं आणि आठवड्याने पुन्हा दुप्पट. काय करावं?

सड्यावरची:

दादा, आधी ट्यूबचं बोलते, कारण हे घरोघरी चाललंय. त्या ट्यूबवर काय काय लिहिलंय ते वाचा. बुरशीच्या औषधाबरोबर बेटामेथासोन, क्लोबेटासोल असलं स्टेरॉइड असेल तर ती बंद करा. स्टेरॉइडने खाज आणि लाली लगेच बसते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पण त्याने कातडीची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी आतल्या आत पसरते आणि औषध सोडलं की उसळून येते. नुसतं क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन असलेलं मलम मागा. टर्बिनाफिन साधारण आठवडा-दोन आठवडे, क्लोट्रिमाझोल चार आठवड्यांपर्यंत, आणि बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही.

आईचं खोबरेल चांगलंच आहे, फक्त वेळ बदला. शेतात उतरायच्या आधी पायाला आणि बेचक्यांत तेल नाहीतर व्हॅसलीन चोपडा, पाणी कातडीत कमी मुरतं. संध्याकाळी परत आल्यावर मात्र तेल नाही. साबणाने पाय धुवायचे, जुन्या सुती धोतराच्या फडक्याने एकेक बेचकं कोरडं करायचं, पाय थोडा वेळ उघडे ठेवायचे आणि मग मलम. ओल्या बेचक्यात मलम लावलं तर ओलावाच कोंडतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा सगळ्यात अरुंद, चिखल्यांची सुरुवात बहुतेक तिथूनच होते, म्हणून रोज आधी तीच बघा.

प्रत्येक चिखली बुरशीचीच असते असं नाही. कधी नुसतं पाण्याने कातडं कुजलेलं असतं, कधी त्यात जंतू शिरतात. हिरवट रंग, घाण वास, पाऊल सुजणं, जांघेत अवधाण येणं, यातलं काही दिसलं तर मलमावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून हे जंतू खाचरातल्या पाण्यात येतात आणि चिखल्यांतून, भेगांतून, बारीक जखमांतून अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या हात लावू देईनात, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि 'मी शेतात पाण्यात काम करतो' हे तोंडाने सांगा. जोखमीच्या दिवसांत आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम देतात. पण गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका.

कुडाळकार:

ताई, माका एक सांग. आवशीच्या तळव्याक भोवरी झाली हा. ती दर पंधरा दिवसांनी दाढीच्या ब्लेडान कापता. मधुमेह आसा. तिका कितीदा सांगलंय, पण आयकना नाय. म्हणता, दुखना नाय तर कित्याक डॉक्टराकडे जाव?

सड्यावरची:

दादा, आईंना म्हणावं, दुखत नाही म्हणूनच जायचं.

ब्लेड आज बंद करा. भोवरी खाली किती खोल गेली आहे ते वरून कळत नाही, आणि बधिर पायावर जिवंत कातडीला ब्लेड लागलं तरी हात थांबत नाही. आमच्याकडे ती काढतात तेव्हा पाय स्पिरिटने पुसून घेतात, पात्याची धार जवळजवळ आडवी धरतात आणि कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे एकामागून एक उतरवतात. अंगठ्याने मधे मधे दाबून खालची कातडी किती मऊ लागतेय ते बघत जायचं. कधी कधी पिवळ्या पापुद्र्यांखाली तपकिरी-काळा ठिपका दिसतो. तो साकळलेल्या रक्ताचा असतो, म्हणजे भोवरीखाली जखम व्हायला लागलेली असते, किंवा झालेलीच असते. असा ठिपका दिसला की माणूस त्या दिवशी आला हे बरं झालं असं मला वाटतं, कारण आणखी महिन्याभराने तिथे पू सापडला असता.

कातडी उतरवल्यावर काम संपत नाही. भार तिथेच पडत राहिला तर भोवरी पुन्हा येते. म्हणून चपलेच्या आत मऊ तळ घालायचा, दाबाच्या जागी तो थोडा कोरायचा. बोटं वाकडी झाली असतील तर त्यांना टेकू द्यायचा.

दुकानात मिळणाऱ्या कॉर्नच्या पट्ट्या मधुमेह असलेल्यांनी अजिबात लावू नयेत. त्यात सॅलिसिलिक अॅसिड असतं, बहुतेकदा ४० टक्के. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही.

रेवदंड्याची_मावशी:

सगळं पटलं, पण आमच्या घरात कुरूप बिब्ब्यानेच काढायचे. सुईने बिब्बा टोचून तापवायचा आणि तेल सुटलं की कुरपावर टेकवायचं. माझं स्वतःचं कुरूप तसंच गेलंय. जुन्या माणसांचं सगळंच चुकीचं कसं म्हणायचं?

सड्यावरची:

मावशी, सगळं चुकीचं मी म्हणत नाही. भेगांवर कोकमाचं तेल कोमट करून भरतात, त्याला तोड नाही. मी स्वतः रुग्णांना सांगते. रात्री पाय धुऊन, दगडाने हलकं घासून, तेल भरून वर सुती मोजे घालायचे. फारच जाड टाच असेल तर १० ते २५ टक्के युरिया असलेलं मलम आणखी चांगलं. फक्त भेग खोल जाऊन रक्त येत असेल तर आधी दाखवा.

बिब्ब्याचं मात्र तसं नाही. त्याचं तेल कातडी जाळतं. तुमच्या पायाला संवेदना होती, चटका बसला आणि तुम्ही हात मागे घेतलात, म्हणून निभावलं. त्याच बिब्ब्याने बधिर पायावर हाडापर्यंत गेलेली जखम मी पाहिली आहे. शिवाय काहींना बिब्ब्याची अॅलर्जी असते, सगळं अंग सुजतं.

आणखी एक. आपण ज्याला कुरूप म्हणतो ते पुष्कळदा चामखीळ असते. कुरूप वरून दाबल्यावर दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते. तळव्यावरच्या रेघा कुरपावरून सरळ जातात, चामखिळीला वळसा घालतात, आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. ती विषाणूची असते. घरच्या पात्याने कापली तर तळवाभर पसरते.

हर्णै_बंदर:

आमच्याकडचं वेगळं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढताना पाकट माशाचा काटा घोट्याला लागतो. शिंगाळा माशाचा तर बोटीवर हमखास. म्हातारी माणसं सांगतात गरम पाण्यात पाय घाल. कुणी पेट्रोल ओततं, कुणी चुना लावतं. खरं काय?

सड्यावरची:

गरम पाणी खरं. पाकटाचं विष उष्णतेने निष्प्रभ होतं. आधी स्वच्छ पाण्याने जखम धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय ठेवा. ठणका लक्षात येण्याजोगा उतरतो. शिंगाळ्याच्या काट्यालाही हाच उपाय. पेट्रोल आणि चुना नको, जखम आणखी चिघळते.

पाणी सोसवतंय का हे लागलेल्या पायाने ठरवायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं. वेदनेने माणूस उकळतं पाणीही ओतून घेतो, आणि त्यात मधुमेह असेल तर भाजल्याचंही कळत नाही.

घरी एवढं केलं तरी दवाखाना चुकवायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का हे एक्स-रे काढून पाहावं लागतं. काटा मांडीत, पोटात किंवा छातीत लागला असेल तर तो उपसू नका, तसाच ठेवून थेट रुग्णालय गाठा. समुद्राच्या पाण्यातल्या जखमेत काही जंतू फार झपाट्याने वाढतात. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसाचा पाय काही तासांत लाल-जांभळा होऊन फोड येत असतील तर सकाळची वाट बघू नका. कालवं काढायला खडपात उतरणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे. निदान जुने कॅनव्हासचे बूट घालून उतरा.

लाल_डबा:

एसटीत कंडक्टर होतो, निवृत्त झालो. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की कमी. एक्स-रेत हाड वाढलंय म्हणाले. ऑपरेशन लागेल काय?

सड्यावरची:

काका, बहुतेक नाही लागणार. तुम्ही सांगताय त्यावरून तळव्यातला पट्टा सुजलेला वाटतो, प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात. एक्स-रेतलं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांमध्येही सापडतं, त्याची धास्ती घेऊ नका.

सकाळी उठण्याआधी पलंगावरच बसून बोटं हाताने स्वतःकडे ओढा, दहा-दहा आकडे मोजून काही वेळा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. पाण्याची बाटली गोठवून ती पावलाखाली फिरवा, पण संवेदना शाबूत असेल तरच. घरात अनवाणी फिरू नका. पूर्वी सारवलेली जमीन होती, आता घरोघर कडक टाइल्स आल्या आहेत आणि टाचदुखीच्या बायका माझ्याकडे फार येतात. घरासाठी वेगळी, टाचेला मऊ चप्पल ठेवा. चिकाटी लागते, काहींना सहा महिने, काहींना वर्ष. पण बहुतेकांचं यानेच बरं होतं.

गुहागर_ते_गोरेगाव:

आई गावी एकटी असते, मधुमेह बरीच वर्षं. गेला आठवडाभर तिचा डावा पाय सुजलाय, लाल आहे, गरम लागतो. जखम नाही आणि दुखत फारसं नाही. मुरगळला असेल म्हणून क्रेप बँडेज दिलंय आणि 'चालतं ठेवा' म्हणालेत. मी रविवारी जातोय.

सड्यावरची:

रविवारपर्यंत थांबू नका. शेजारच्यांना फोन करा आणि आईंना आजपासून त्या पायावर भार देऊ देऊ नका. संडासला जायचं तरी खुर्ची किंवा वॉकर.

मधुमेह, बधिरपणा, एकच पाय गरम आणि लाल, दुखणं नाहीच्या बरोबर. हे शार्को असू शकतं. त्यात पावलातली हाडं मऊ पडतात, आणि दुखत नसल्यामुळे माणूस चालत राहतो, त्यामुळे ती मोडत जातात आणि तळव्याची कमान खाली बसते. एकदा पाऊल बसलं की जन्मभर जखमा. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर घरी परतू नका. दुसऱ्या शक्यताही आहेत, जंतुसंसर्ग किंवा पायातल्या शिरेत रक्ताची गाठ, आणि त्याही तातडीच्याच. मधुमेही पाय बघणाऱ्या सर्जनकडे किंवा ऑर्थोपेडिककडे न्या आणि 'शार्को आहे का' असं सरळ विचारा.

गुहागर_ते_गोरेगाव:

मामेभाऊ आजच चिपळूणला घेऊन गेला. डॉक्टरांना तोच संशय आहे. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलंय, तळव्यावरचा भार सगळीकडे वाटला जावा म्हणून. काही महिने लागतील म्हणाले. मी रात्रीच्या गाडीने निघतोय. ताई, आभार कसे मानू कळत नाही.

सड्यावरची:

बरं झालं. प्लास्टर दर आठवडा-दोन आठवड्यांनी बदलावं लागेल, त्या तारखा चुकवू नका. प्लास्टरमधून वास आला, ताप आला, साखर अचानक चढली तर तारखेची वाट न बघता जा. आणि दुसऱ्या पायाकडे लक्ष ठेवा, आता सगळा भार त्याच्यावर येणार आहे.

आशाताई_मंडणगड:

मी आशा म्हणून काम करते. ताई, बधिर पाय म्हटला की सगळ्यांना मधुमेहच आठवतो. कुष्ठरोगाचंही लिहा ना. फिकट चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, पावलात बधिरपणा, चप्पल पायातून निसटते पण समजत नाही. लोक लपवतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

सड्यावरची:

ताई, अगदी गरजेचं लिहिलंत. बधिर पायाची काळजी कशी घ्यायची हे जगाला मोठ्या प्रमाणात कुष्ठरुग्णांच्या पायांनीच शिकवलं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. त्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णाची बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून त्याच त्याच जागी इजा होत राहते आणि त्यातून पाय जातो. तळव्यावरचा भार वाटून देणारं प्लास्टर, मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला, हे सगळं या कामातून वर आलं. त्याच एमसीआर चपला आज मधुमेही रुग्णही वापरतात. चट्टा दिसला तर लपवू नका, तुमच्या आशाताईंना दाखवा.

मुग्धा_दापोली:

पण पोडियाट्रिस्ट आहेत कुठे? परदेशात मैत्रिणीच्या आजीची नखं कापायलाही ते येतात. इकडे तालुक्याला सर्जन मिळायची मारामार.

सड्यावरची:

खरं आहे. ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, आपल्याकडे फार थोडे आहेत आणि तेही मोठ्या शहरांत. म्हणून इथे काम वाटून घ्यावं लागतं. बधिरपणाची तपासणी फिजिशियन किंवा प्रशिक्षित फिजिओ करू शकतो. जखम आणि पू सर्जनकडे. ठोके लागत नसतील, चालताना पोटरी भरून येत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे. चप्पल मात्र गावातही होते. आमच्या बाजारपेठेतले चपला शिवणारे दादा एमसीआरचा तुकडा घालून, मागे पट्टा लावून इतकी छान सँडल करतात की मी मापाचा कागद देऊन रुग्णांना त्यांच्याकडेच पाठवते. अंगठ्यात धरायची स्लीपर बधिर पायाला नको, ती निसटते आणि बेचक्यात घासते.

नखं घरी कापता येतात. आंघोळीनंतर मऊ असताना, सरळ रेषेत, कोपरे खोल न कोरता. नख सतत मांसात रुतून पिकत असेल तर जागा बधिर करून नखाची तेवढीच कड काढतात आणि मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती कड सहसा पुन्हा उगवत नाही. सगळं नख उपटायची गरज बहुतेकदा नसते.

लाल_डबा:

अजून एक विचारतो. बायकोला मधुमेह आहे, पाय थोडे बधिर. देवळात आणि शिमग्यात पालखीबरोबर ती अनवाणीच चालते. चप्पल घाल म्हटलं तर ऐकत नाही, देवाचं आहे म्हणते.

सड्यावरची:

काका, त्यांना अडवू नका. जाड सुती मोजे देवळात चालतात, पांढरे असले तर आत चिकटलेला काटा किंवा रक्ताचा डाग लगेच दिसतो. देवळाची फरशी दुपारी तापते, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. पालखीबरोबर सड्यावरून मोठी वाट असेल तर तेवढ्यापुरती सँडल आणि देवळाशी आल्यावर काढायची, असं सुचवून बघा. घरी आल्यावर तुम्ही स्वतः त्यांचे दोन्ही तळवे दिव्याखाली बघा, बेचक्यांसकट. त्यांना वाकून दिसत नसेल तर रोज रात्री तुम्हीच बघा, आणि तपासणीला येताना त्या रोज घालतात ती चप्पल सोबत आणा, आतून कुठे झिजली आहे ते मला बघायचंय.